दोन काठ्यांच्या मध्ये उभं केलेलं पोर

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की आपल्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "चार वर्षांचं पोर आहे, थीम पार्कला नेऊ का?" खाली उत्तरंही ठरलेली. "मस्त आहे, नक्की जा." "शनिवार-रविवार नको." "टोपी आणि जादा कपडे न्या." "कूपन कोड आहे का कुणाकडे?" हे सगळं ठीकच आहे, उपयोगीही आहे. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आज मला तोच विचारायचाय. त्या चार वर्षांच्या पोराचं तिकीट नेमकं कशाचं?

पोस्ट लांब आहे. पण या सुट्टीत तुम्ही चार-सहा हजार खर्च करणार असाल, तर दहा मिनिटं द्या.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत मुलाचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. तिकीट खिडकीपाशी एक काठी किंवा भिंतीवर रंगवलेली पट्टी असते. त्या रेघेच्या खाली असाल तर फुकट, वर गेलात की तिकीट. ही रेघ कुठे पावणेतीन फुटांवर असते, कुठे त्याहून थोडी वर. तिथून साधारण साडेचार फुटांपर्यंत "चाइल्ड तिकीट", आणि त्यापुढे मोठ्या माणसाचं. आणि चाइल्ड तिकीट म्हणजे आपल्या एसटीचं हाफ तिकीट समजू नका. बऱ्याच ठिकाणी ती नुसती थोडीशी सूट असते.

ही झाली पहिली काठी.

दुसरी काठी आत असते, प्रत्येक राइडच्या तोंडाशी. तिथेही एक रेघ. त्या रेघेपर्यंत डोकं पोचलं नाही तर बसता येत नाही. मोठ्या रोलर कोस्टरला, उंचावरून खाली आदळणाऱ्या राइडला, उलटं फिरवणाऱ्या पाळण्याला ही रेघ साधारण चार ते साडेचार फुटांवर असते.

आता या दोन काठ्यांच्या मध्ये कोण उभं आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेचे मुलांच्या वाढीचे तक्ते आहेत, कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या भिंतीवर लावलेले दिसतील. त्यानुसार सर्वसाधारण मूल दोन वर्षांचं झालं की उंची सुमारे ८६-८७ सेंटिमीटर असते. तीन वर्षांला ९५-९६, चार वर्षांला १०३, पाचला ११० च्या आसपास, आणि सातव्या वर्षी कुठे १२१-१२२. पावणेतीन फूट म्हणजे ८४ सेंटिमीटर. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर.

म्हणजे हिशोब असा: दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच पोर पहिली काठी ओलांडतं आणि पैसे द्यायला लागतं. दुसरी काठी ओलांडायला त्याला सात वर्षांचं व्हावं लागतं. मधली पाच वर्षं ते पैसे भरून आत येतं आणि ज्या राइडचा फोटो जाहिरातीत छापलेला असतो त्या राइडच्या बाहेर उभं राहतं. साडेचार फुटांची राइड असेल तर नववं-दहावं वर्षही उजाडतं. एक काठी म्हणते "तू पुरेसा मोठा आहेस, पैसे काढ." दुसरी म्हणते "तू फार लहान आहेस, बाजूला हो." पोर तेच, दिवस तोच, पार्क तोच.

एक गोष्ट आधीच साफ करतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी म्हणेल की सुरक्षेचे नियम मोडायला सांगतोय. अजिबात नाही. दुसरी काठी शंभर टक्के बरोबर आहे. ती कुणाच्या मर्जीवर आखलेली नसते. राइडच्या सीटवर जो दांडा मांडीवर येऊन बसतो, तो ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो. लहान मुलाची मांडी बारीक, पाय जमिनीला टेकत नाहीत, हाताने घट्ट धरायची ताकद कमी. शेजारी बाबा बसला आणि दोघांना मिळून एकच दांडा असला, तर तो बाबाच्या मांडीवर अडतो आणि पोराच्या पोटापुढे वीतभर मोकळी जागा राहते. झटका बसला की पोर त्या फटीतून सरकू शकतं. म्हणून उंचीची अट. त्या अटीपुढे कुणाचंही चालू नये, ना नगरसेवकाचं, ना मॅनेजरच्या ओळखीचं.

माझं भांडण पहिल्या काठीशी आहे. आणि ते नुसतं पैशांचं नाही. पहिल्या काठीने दुसरी काठी पोखरली जाते.

कसं ते सांगतो. सुट्टीच्या दिवसांत कुठल्याही पार्कच्या तिकीट खिडकीपाशी पाच मिनिटं उभे राहा. आया मुलांच्या कानात कुजबुजताना दिसतील, "जरा गुडघे वाकव." बाप डोक्यावरचे केस दाबून बसवतोय. आत गेल्यावर तीच माणसं राइडच्या तोंडाशी त्याच पोराला सांगतात, "टाचा उचल, सरळ उभा राहा, बूट घालून माप." एकाच दिवसात आपण पोराला दोनदा खोटं उभं राहायला शिकवतो. पहिल्यांदा पैसे वाचवायला, दुसऱ्यांदा पैसे वसूल करायला. दोष आई-बापांचा आहेच, पण असा दुहेरी मोह समोर मांडून ठेवणाऱ्याचा काहीच नाही का?

आणि तो राइडवरचा पोरगा बघा. विशी-बाविशीतला, कडक उन्हात दिवसभर उभा. समोर घामाघूम बाप ओरडतोय, "गेटवर पूर्ण पैसे घेतलेत ना? मग बसू का देत नाही? फक्त दोन बोटं कमी पडतायत!" मागे पन्नास माणसांची रांग. त्या पोराने नियम पाळला तर शिव्या खायच्या, नाही पाळला तर एखादं लेकरू धोक्यात. "पैसे घेतलेत म्हणून बसू द्या" हा युक्तिवाद त्या बापाच्या तोंडात कुणी घातला? तिकीट खिडकीने. चार वर्षांच्या पोराचं तिकीटच घेतलं नसतं, किंवा निम्मं घेतलं असतं, तर अर्धी भांडणं उभीच राहिली नसती. सुरक्षेचा नियम लोकांनी मनापासून पाळावा असं वाटत असेल, तर आधी तिकिटाचा नियम न्याय्य लागतो.

आता घरच्या हिशोबाकडे या. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमच्या पार्कचा दर तुम्ही टाका. समजा मोठ्यांचं तिकीट १,५०० आणि लहानांचं १,२००. आई, बाबा, आजी आणि चार वर्षांची मुलगी. एकूण ५,७०० रुपये. गाडीभाडं, जेवण, लॉकर, पाण्यात भिजायचा पोशाख भाड्याने, हे सगळं वेगळं.

दिवस कसा जातो? आजीला गुडघ्यांचा त्रास आणि रक्तदाब. ती एकाही मोठ्या राइडवर बसणार नाही, डॉक्टरांनीही मनाई केलेली. ती पिशव्या सांभाळत सावली शोधणार. मुलगी फिरते कप, छोटी आगगाडी, घोड्यांचं चक्र, अशा चार-सहा राइड करणार. त्यातल्याही काहींत मोठं माणूस सोबत हवं. आई-बाबांना मोठ्या राइड करायच्या असतील तर एकाने पोरीजवळ थांबायचं, दुसऱ्याने तासभर रांगेत उभं राहायचं. मग अदलाबदल, पुन्हा तीच रांग पहिल्यापासून. दुपारी दोनला मुलगी झोपेला येते, रडते. मे महिना, डोक्यावर ऊन. चार वाजता सगळे गेटबाहेर.

चार जणांचे पूर्ण दिवस विकत घेतले आणि सगळं मिळून जेमतेम एका माणसाचा दिवस वापरला. या व्यवहाराला आपण "पोरीसाठी केलं" म्हणतो.

यात सरकार कुठे आलं, असं वाटेल. ते तिकिटातच आहे. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर सुरुवातीला २८ टक्के जीएसटी होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणला. वरच्या उदाहरणात तिकिटाच्या रकमेत १८ टक्के कर धरलेला आहे असं समजलं, तर ५,७०० पैकी सुमारे ८७० रुपये कराचे. म्हणजे ज्या राइडवर पोर बसलंच नाही, आजी चढलीच नाही, त्या राइडवरचा करही आपण भरतो. सरकार कर घेतं, करमणुकीच्या जागांना परवाने देतं, मग तिकीट कोणत्या मापाने मोजायचं याबद्दल त्याला काहीच म्हणायचं नसावं?

आणि सरकारला हे जमत नाही अशातला भाग नाही. स्वतःच्या गाड्यांत, स्वतःच्या बागांत जमवून दाखवलंय. एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा हाफ तिकीट. कंडक्टर काठी घेऊन फिरतो का? रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर निम्मं. लोकांनी तेव्हा कुरकुर केली. पण त्यामागचं तत्त्व बघा: जागा मिळाली तर पैसे पूर्ण, नाही मिळाली तर निम्मे. थीम पार्कात नेमकं याच्या उलट आहे. पोराला जागा मिळत नाही आणि पैसे जवळजवळ पूर्ण.

भायखळ्याची राणीची बाग घ्या. २०१७ मध्ये पालिकेने पाच रुपयांचं तिकीट पन्नास केलं तेव्हा बोंब झाली, बरोबरच झाली. पण त्यातही एक शहाणपणाची गोष्ट होती. आई, बाबा आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं मिळून १०० रुपये, असं कुटुंबाचं एकच तिकीट ठेवलं. कुटुंब हे चार सुट्या गिऱ्हाइकांचा ढीग नसतं, ते एकत्र येतं आणि एकमेकांसाठी थांबतं, एवढी समज पालिकेला आली. पालिकेला येते तर या धंद्यातल्यांना का येऊ नये?

परदेशाचंच कौतुक हवं असेल तर तेही घ्या. हाँगकाँग, पॅरिस आणि फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कात तीन वर्षांखाली प्रवेश मोफत, टोकियोत आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये चार वर्षांखाली. तिथे तिकीट वयावर आणि राइड उंचीवर, दोन्ही मापं वेगळी ठेवली आहेत. शिवाय डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या अमेरिकेतल्या पार्कांत अदलाबदलीची सोय असते. एक पालक राइड करून येतो, दुसरा पोराजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा मुख्य रांग लावावी लागत नाही. ते काही धर्मादाय संस्था नव्हेत, पैसे भरपूर घेतात. पण लहान मूल असलेलं कुटुंब कसं चालतं याचा विचार त्यांनी केलाय. आपल्याकडे जाहिरातीत कार्टूनचे मुखवटे तसेच, तिकीट खिडकीवर मात्र काठी.

जेवणाचं बघू. गेल्या मे महिन्यात आमच्या घरची मंडळी एका पार्कला गेली होती. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका पार्कचा नाही. भाचीला अडीच वर्षं झालेली. तिच्यासाठी वरणभाताचा छोटा डबा आणि उकडलेला बटाटा नेला होता. गेटवर पिशवी तपासली आणि डबा बाहेर काढून ठेवायला लावला. "बाहेरचं अन्न चालत नाही." आत लहान मुलाला देण्यासारखं काय होतं? फ्राइज, नूडल्स, पिझ्झा, थंड पेय. शेवटी बिस्किटांवर दिवस काढला. सुरक्षारक्षकाला दोष देत नाही, त्याला वरून जे सांगितलं ते त्याने केलं.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत असू द्या. ३ जानेवारी २०२३ चा आहे आणि सिनेमागृहांबद्दलचा आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू देण्याची सक्ती करणारा जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा आदेश त्यात रद्द झाला. सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे, अन्नाचे नियम मालक ठरवू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी मोफत मिळावं आणि लहान बाळासाठी पालकांनी आणलेलं वाजवी अन्न अडवू नये, हेही नमूद झालं. थिएटरात माणूस तीन तास बसतो, एसीत. पार्कात आठ तास, उन्हात. थिएटरात बाळाचा डबा चालतो तर पार्कात चालू नये याला काय कारण? निकाल सिनेमागृहांपुरता आहे हे मान्य. पण माणुसकी जागेनुसार बदलत नाही.

आणि अंगावर पाजणाऱ्या आईने कुठे बसायचं? एसटी स्टँडवर नावाला का होईना, हिरकणी कक्ष असतो. दीड हजार रुपये घेणाऱ्या जागेत तो सावलीत, पंख्यासह आणि नकाशावर ठळक दाखवलेला असायला हवा.

आता समोरून येणारी उत्तरं घेऊ, कारण ती येणारच.

पहिलं: "धंदा आहे, दर त्यांनी ठरवायचा. नसेल परवडत तर जाऊ नका." धंदा अवघड आहे, हे मला मान्य आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये वाजतगाजत सुरू झालं आणि कर्जाच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये मालकी बदलली. वीज, देखभाल, पावसाळ्यातले रिकामे दिवस, सगळं खर्चिक असतं. म्हणून मी दर कमी करा म्हणतच नाहीये. मोठ्यांचं तिकीट हवं तेवढं ठेवा. पण जी वस्तू द्यायची नाही तिचे पैसे घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे. हॉटेलात चार जणांसाठी तीनच ताटं आली तर बिल चार ताटांचं भरता का?

दुसरं: "लहानांसाठी वेगळ्या राइड आहेत, शो आहेत, परेड आहे, वातावरण आहे." आहेत ना. मग त्यांचे पैसे घ्या. चार-सहा राइड आणि दोन शोचे जे होतील ते. वातावरणाचे बाराशे रुपये कुठल्या हिशोबाने? आणि खरं सांगायचं तर चार वर्षांच्या पोराला वातावरणापेक्षा वाळूचा ढीग आणि पाण्याचा पाइप दिला तरी ते दिवसभर खेळतं. वातावरण आपल्याला हवं असतं, फोटोसाठी.

तिसरं: "वयावर ठेवलं तर लोक खोटं बोलतील." लोक उंचीवरही खोटं बोलतातच, गुडघे वाकवून. उलट वयाचा पुरावा आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. जन्मदाखला आहे, पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार आहे. ऑनलाइन बुकिंग करताना जन्मतारीख टाका, गेटवर दाखवा. विमानात दोन वर्षांखालच्या बाळाचं वय असंच तपासतात, त्यासाठी विमानतळावर कुणी फूटपट्टी लावत नाही.

शिवाय उंचीच्या मापात एक अन्याय आहे जो कुणाच्या लक्षात येत नाही. आई-बाप उंच असतील तर पोर उंच. एकाच बालवाडीतली दोन मुलं, एकाच महिन्यात जन्मलेली. एक फुकट आत जातं, दुसऱ्याला बाराशे. आत मात्र दोघंही त्याच फिरत्या कपात बसतात. उंच पोराच्या बापाने काय गुन्हा केला?

चौथं, आणि हे थोडं आपल्याला लागणारं आहे: "मग इतक्या लहान पोराला नेताच कशाला?" यात तथ्य आहे. वर्गातले सगळे जाऊन आले, शेजारच्यांनी स्टेटस ठेवलं, मग आपणही निघतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या दिवसातलं पुढे काही आठवणार नसतं. पण एक बाजू अशीही आहे की घरात थोरलं दहा वर्षांचं असतं आणि धाकटं तीनचं. थोरल्याला न्यायचं तर धाकट्याला कुठे ठेवायचं? अशा घरांना पहिली काठी सगळ्यात जास्त लागते. दोन पोरांच्या घराला एकाची हौस पुरवायला दोघांचं तिकीट काढावं लागतं.

तर मागणी काय? नुसती चिडचिड करून उपयोग नाही. माझ्या मते सहा गोष्टी, आणि एकही अशक्य नाही.

१. मुलांचं तिकीट वयावर ठेवा. पाच वर्षांखाली मोफत, बारापर्यंत निम्मं. एसटीला जमतं ते सगळ्यांना जमेल.

२. पैसे भरण्याआधी, बुकिंगच्या पानावरच, उंचीनुसार राइडची यादी दाखवा. "तुमच्या मुलाची उंची १०३ सेंटिमीटर, त्याला या राइड मिळतील" एवढं एका ओळीत. बारीक अक्षरात नको, गेटच्या आत नको.

३. राइड न करणाऱ्या सोबत्यासाठी स्वस्त, नुसतं प्रवेशाचं तिकीट प्रत्येक पार्कात ठेवा. आजी-आजोबा, गरोदर बाई, तान्हं बाळ सांभाळणारी आई, या सगळ्यांसाठी.

४. पालकांच्या अदलाबदलीची सोय. एकदाच रांग.

५. बाळाचं अन्न, पाण्याची बाटली आणि औषधं अडवायची नाहीत. पिण्याचं पाणी मोफत आणि जागोजागी. हिरकणी कक्ष सक्तीचा.

६. पोर आदल्या रात्री तापलं तर तारीख बदलून मिळायला हवी. "तिकीट परत नाही, तारीख बदल नाही" हा नियम लहान मुलांच्या घराला चालूच शकत नाही. लहान मूल ताप ठरवून आणत नाही.

यातलं पहिलं, दुसरं आणि पाचवं सरकारला मनावर घेतलं तर परवान्याच्या अटींत घालता येईल. पर्यटन खात्याला, ग्राहक व्यवहार खात्याला, आपल्या आमदाराला हे लिहून द्या. अधिवेशनात मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवर चर्चा होते, तर पोरांच्या तिकिटावर का होऊ नये?

तोवर आपल्या हातात काय? एक, बुकिंगआधी फोन करा आणि नेमकं विचारा. मुलाची उंची सांगा, कोणत्या राइड मिळतील ते विचारा, बाळाचं जेवण चालेल का ते विचारा, तारीख बदलते का ते विचारा. उत्तर ईमेलवर किंवा चॅटवर लेखी घ्या. तोंडी "हो हो, चालेल" गेटवर टिकत नाही. दोन, आदल्या दिवशी घरी दाराच्या चौकटीला पोराची उंची मोजा, बूट काढून. पोराला आधीच सांगा की मोठ्या राइड या वर्षी नाहीत. आत जाऊन रडण्यापेक्षा घरी रुसलेलं बरं. तीन, तिकीट आणि पावत्या जपून ठेवा. लेखी एक सांगितलं आणि गेटवर दुसरंच निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पार्कच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. वकील लागतोच असं नाही. ठकवणारा करारही या कायद्यात "अनुचित करार" म्हणून पकडता येतो, ही नवी तरतूद लोकांना माहीतच नाही.

आणि चार, पोर पाच वर्षांखालचं असेल आणि घरात थोरलं कुणी नसेल, तर दोन-तीन वर्षं थांबा. पार्क कुठे पळून जात नाही. सात-आठ वर्षांचं झालं, चार फुटांच्या पुढे गेलं, की त्याच पैशात पोर दिवसभर राइड करेल, आणि तो दिवस त्याला आठवेलही. तोवर राणीची बाग आहे, वसई-अलिबागची वाळू आहे, माथेरानची गाडी आहे.

शेवटी एक काम सांगतो. तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत सात वर्षांखालच्या मुलाला घेऊन कुठल्याही थीम पार्कला गेला असाल, तर खाली कॉमेंटमध्ये चारच गोष्टी लिहा: मुलाचं वय, उंची, तिकिटाचे किती पैसे दिले, आणि पोराला किती राइड मिळाल्या. पार्कचं नाव लिहू नका, शिवीगाळ नको, नुसते आकडे. पन्नास-शंभर घरांचे आकडे जमले की ते एका कागदावर उतरवून ग्राहक संघटना आणि आपल्या आमदारांकडे देऊ. "लोकांची तक्रार आहे" म्हणण्यापेक्षा तो कागद समोर ठेवणं जास्त वजनदार ठरेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, वाद घालू. पण या मे महिन्यात तिकीट खिडकीपाशी पोराला गुडघे वाकवायला सांगण्याआधी खिडकीतल्या माणसाला एकदा विचारा, "या उंचीला आत किती राइड मिळतात?" रोज शंभर जणांनी विचारलं ना, तर उत्तर छापून लावावंच लागेल.